लवू सरांची शिकवणी

परवा प्रवेशाच्या दिवशी एक चिमुरडी आई आणि दादाबरोबर आमच्या वर्गात आली होती. मला पाहून ती आईला म्हणाली, "आई, एवढा मोठा पोळपाट कुणाचा गं?" मला मनातल्या मनात हसू आले. पोळपाट नव्हे, मित्रांनो, मी ड्रॉइंग बोर्ड आहे. वयाने जुना, कडा झिजलेला, अंगभर टाचण्यांची बारीक भोके पडलेला. इमारती जमिनीवर उभ्या राहण्याआधी कागदावर उभ्या राहतात, आणि तो कागद एके काळी माझ्या अंगावर पसरलेला असे. तुम्ही मला ओळखले नाही, यात तुमची चूक नाही. आता ते काम कॉम्प्युटर करतो. पण माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती माझी गोष्ट आहेच, पण माझ्याहून जास्त ती लवू सरांची आणि विनिताची आहे.

माझा जन्म घाटकोपरचा. तिथे चंदू मिस्त्रींचा लाकडी सामानाचा छोटा कारखाना होता. त्यांनी पाइनच्या फळ्या एकमेकींना चिकटवून मला सपाट केले. मागे दोन आडव्या पट्ट्या लावल्या. त्या पट्ट्यांमधली स्क्रूची भोके त्यांनी गोल न ठेवता मुद्दाम लांबट ठेवली. गिऱ्हाइकाने कारण विचारले, तेव्हा चंदू मिस्त्री म्हणाले, "पावसाळ्यात लाकूड फुगतं हो. त्याला हलायला जागा नको? जागा नाही दिली तर ते तडकणारच." माझ्या डाव्या कडेला त्यांनी काळ्या कठीण लाकडाची पट्टी बसवली. त्या पट्टीला लागून टी-स्क्वेअर, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी लांब पट्टी, वरखाली सरकत असे. शेवटी त्यांनी माझ्यावरून तळहात फिरवला, एक डोळा मिटून मला कडेकडून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

टेम्पोत बसून मी चेंबूरला आलो. तिथे एका संस्थेचे कम्युनिटी कॉलेज होते. दहावी-बारावी झाली की ज्या मुलामुलींना लवकर पायावर उभे राहायचे असते, ती तिथे येत. कोणी वायरिंग शिके, कोणी शिवणकाम, कोणी आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग. ड्राफ्टिंग म्हणजे इमारतींचे नकाशे काढणे. दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत आम्हा बोर्डांच्या रांगा लागल्या. खिडकीजवळची जागा माझ्या वाट्याला आली. आणि त्या खोलीचे राजे होते लवू सर.

लवू परब हे त्यांचे पूर्ण नाव. माणूस ठेंगणा, आवाज मात्र खणखणीत. कानावर कायम एक पेन्सिल. गाव मालवणकडचे. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा लवू सरांनी कॉलेज अर्धवट सोडून दादरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायला सुरुवात केली. तिथे हात असा बसला, की पुढे त्यांना शिकवायलाच बोलावणे आले.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी ते फक्त एक रेघ काढायला लावत. दुसरे काही नाही.

"रेघ मारायची नाही," ते सांगत. "मारतात झुरळाला. रेघ ओढायची. ओढता ओढता पेन्सिल बोटात फिरवत न्यायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते."

मुले हसत आणि मग ओढू लागत. दिवसभर माझ्यावर पेन्सिलींची सरसर चाले. तो आवाज मला फार आवडे. दुपारच्या उन्हात खिडकीतून ग्राफाइटची धूळ चमकताना दिसे, कोणीतरी शार्पनरवरून भांडत असे, आणि या सगळ्यात सर एकेका बोर्डापाशी वाकून बघत फिरत. त्यांचे अक्षर तर असे, की एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी कागदावर बोट फिरवून पाहिले, हे छापलेले तर नाही ना! त्या दिवशी मला वाटले, हे कौतुक थोडे माझेही आहे. अहो, कागद सपाट राहिला म्हणून तर अक्षर तसे आले.

एका वर्षी माझ्या वाट्याला विनिता आली. ती ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई पार्वती चेंबूरच्या बाजारात मासळी विकायला बसे. सकाळी विनिता आईला मासळी लावून द्यायला मदत करी आणि तिथूनच धावत वर्गात येई. हात घासून घासून धुतलेले असत, तरी मासळीचा वास काय इतक्यात जातो? मला त्याचे काहीच वाटत नसे. पण शेजारच्या बोर्डवर राजेश नावाचा मुलगा बसे. एक दिवस तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "यार, इथे सुकट कुणी वाळत घातलीय?"

वर्ग खदाखदा हसला. विनिताची पेन्सिल थांबली. तिने मान खाली घातली.

लवू सर टोकाला उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "राजेश, वास माझा असेल रे. आमच्याकडे सकाळी सुकटच होती." आणि मग त्यांनी आपले स्टूल उचलून आणले, विनिताच्या शेजारी ठेवले आणि तिथेच बसून तास संपेपर्यंत शिकवले.

वर्ग सुटल्यावर विनिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे रागाने भरले होते. "सर, माझ्या वासाचं मी बघीन. तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"खोटं?" सर म्हणाले. "उद्या घरी ये माझ्या. आमची बायको सुकट कशी करते ती खाऊन बघ, मग बोल."

विनिताला हसू फुटले. तेव्हापासून ती सरांशी भांडायलाही बिचकली नाही.

तिचे डोके चांगले होते, पण सेक्शन म्हणजे काय ते काही केल्या तिला कळेना. इमारत वरून पाहिली तर प्लॅन, समोरून पाहिली तर एलिव्हेशन, इथपर्यंत ठीक. पण इमारत उभी कापायची आणि आतले काढायचे, हे तिच्या गळी उतरेना. सरांनी खडूचा डबा कापून दाखवला, पाव कापून दाखवला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं, सुरमईची तुकडी पाडतेस ना?"

विनिताने चमकून वर पाहिले. "म्हणजे कातडी कुठे, काटा कुठे, अंड्यांची गाबोळी कुठे, सगळं एकदम दिसतं, तसं?"

"तसंच! घराची तुकडी पाड."

त्या दिवशी तिने माझ्यावर भराभर घरांच्या तुकड्या पाडल्या. वर्षअखेरीला प्रत्येकाला आपल्या मनातल्या घराचा नकाशा काढायचा होता. विनिताने खाली ओटी आणि वर दोन खोल्या असे सुंदर घर काढले. सरांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "जिन्यावर एक माणूस काढ बघू. तुझी आईच काढ. डोक्यावर टोपली घेतलेली."

विनिताने काढली. पार्वतीबाईंची टोपली थेट वरच्या स्लॅबला आपटत होती.

"अय्यो! वाट लागली," विनिता म्हणाली.

"वाट नाय लागली, वाट सापडली. नकाशात माणूस काढला की चूक आपोआप दिसते."

विनिताने सगळा कागद पुन्हा काढला. तक्रार केली नाही. त्या वर्षी तिचा नकाशा कॉलेजच्या प्रदर्शनात लागला. पार्वतीबाई नवी साडी नेसून आल्या आणि त्या कागदावरच्या टोपलीवाल्या बाईकडे पाहून म्हणाल्या, "ही मीच का गो? बारीक केलंस गो मला!" तो कागद माझ्यावरच टाचलेला होता. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी तो एक.

मग विनिता गेली. तिला मुलुंडच्या एका ऑफिसात काम मिळाले. आमचे दिवस जसेच्या तसे चालू राहिले. नव्या बॅचेस येत, पहिली रेघ ओढत, शेवटचा नकाशा काढत आणि निघून जात. मला वाटे, हे असेच चालणार.

पण तसे होत नसते. एका उन्हाळ्यात खोलीत वायरी टाकायला माणसे आली. त्यांनी आम्हाला उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये एकावर एक रचले. आमच्या जागी टेबले आली, टेबलांवर कॉम्प्युटर आले, खिडक्यांना पडदे लागले. मी ढिगात सर्वांत वर होतो, म्हणून मला दारातून आतले दिसे. आत सगळे कसे गार, स्वच्छ आणि शांत. पेन्सिलींची सरसर नव्हती. नुसते माउसचे टकटक.

त्याच दिवसांत प्राचार्या माधुरी मॅडम लवू सरांना घेऊन पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. स्वभावाने चांगली बाई.

"सर, नव्या अभ्यासक्रमात सगळं कॉम्प्युटरवर आहे. हाताच्या ड्राफ्टिंगचा वेगळा विषयच काढून टाकलाय. तुम्ही वर्षभरात कॉम्प्युटरवरच्या ड्राफ्टिंगची, कॅडची, परीक्षा पास झालात तर मी तुमची नेमणूक पुढे नेऊ शकते. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"आणि शिकवणार कोण?" सरांनी विचारले.

"नवीन शिक्षिका येतायत. तुमचीच विद्यार्थिनी आहे. विनिता."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा कानावर ठेवली. "बरं झालं," ते म्हणाले. "ओळखीची आहे."

पहिल्या दिवशी मी दारातून पाहत होतो. विनिता आता कुर्त्यावर ओळखपत्र लटकवून समोर उभी होती. लवू सर सगळ्यांत मागच्या टेबलावर, ऋतिका आणि हर्षद या दोन पोरांच्या मध्ये बसले होते. विनिताने हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव आले, "हजर मॅडम, हजर मॅडम" होत गेले. आणि मग ती अडखळली. तिला ते नाव उच्चारता येईना. ज्या माणसाला जन्मभर 'सर' म्हटले, त्याला हजेरीत काय म्हणायचे? ती नुसतीच मागे पाहत राहिली.

मागून खणखणीत आवाज आला. "परब लवू. हजर, मॅडम!"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. विनिता मात्र वळली आणि फळ्यावर काहीतरी लिहू लागली. तिने काय लिहिले ते मला दिसले नाही, पण ती बराच वेळ वळली नाही, एवढे दिसले.

मित्रांनो, सर हसले खरे, पण पुढचे दिवस हसण्याचे नव्हते. ज्या हाताने कागदावर केसासारखी रेघ ओढली, त्या हातात माउस आला की तो बुजे. बाण पडद्यावरून कुठेतरी पळून जाई. सगळ्यांत मोठी पंचाईत मापाची झाली. कागदावर घर मावावे म्हणून सरांनी आयुष्यभर प्रत्येक माप लहान करून काढले होते. आता त्यांच्या हातून तेच होई. दहा फुटांची भिंत ते मनात भागून चिमुकली काढत आणि मग ती पडद्यावर सापडत नसे.

"सर, इथे लहान करायचं नाही," विनिता त्यांच्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात सांगे. "भिंत दहा फुटांची आहे ना? मग दहा फुटांचीच काढा. लहान आपण छापताना करू."

"दहा फुटांची भिंत ह्या एवढ्याशा डब्यात?"

"हो सर. आत जागा खूप आहे."

सर मान डोलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत चिमुकली निघे. पोरे पुढे गेली, सर मागे राहिले. डबा खायच्या सुट्टीत ते पॅसेजमध्ये येऊन माझ्या शेजारी उभे राहत आणि बोटाने माझ्यावर उगाच एक रेघ ओढत. कोणी आले की हात मागे घेत.

मग एक दिवस आम्हाला भंगारात द्यायचे ठरले. टेम्पो खाली येऊन थांबला. माणसे आमचा ढीग उतरवू लागली. मी वरचाच, म्हणून पहिला नंबर माझा. तेवढ्यात लवू सर जिन्याने धापा टाकत वर आले. "थांबा, थांबा. हा एक मी घेऊन जातो."

माझे सोबती त्या दिवशी टेम्पोतून गेले. कुठे गेले ते मला कधीच कळले नाही. मी मात्र रिक्षात आडवा-तिडवा बसून मानखुर्दला निघालो. रिक्षावाला कुरकुरला, "काका, ये टेबल अंदर नहीं आएगा." सर म्हणाले, "आएगा, आएगा. इसको बैठने की आदत नहीं है, मैं पकडता हूँ." आणि सबंध रस्ताभर त्यांनी मला कवेत धरून ठेवले.

घर दोन खोल्यांचे. दारातच सरांच्या पत्नी सुलक्षणाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आता ह्या धूड खंय ठेवतलास? माझ्या डोक्यार?"

"तुझ्या मशिनीर ठेवतंय गो. मशीन आता बंदच आसा मा?"

सुलक्षणाबाई पुटपुटल्या, पण त्यांनीच शिलाई मशीनवरचे कपडे उचलले, मला ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसले आणि तिथे आडवे ठेवून दिले. माझ्यावर विनिताने दिलेला तिचा जुना लॅपटॉप आला. आणि दर रविवारी बसने विनिता येऊ लागली. येताना पार्वतीबाईंनी दिलेली सोडे-सुकटीची पुडी असे, ती सुलक्षणाबाईंच्या हातात पडे. मग शिकवणी सुरू होई. विनिता धडा देई, सर करून बघत, चुकत, पुन्हा करून बघत.

हळूहळू माप बसले. भिंती पूर्ण आकाराच्या उभ्या राहू लागल्या. सरांना वाटले, आता जमले. विनितालाही तसेच वाटले. परीक्षेचा दिवस आला.

संध्याकाळी सर घरी आले ते चपला न काढताच खुर्चीवर बसले. सुलक्षणाबाईंनी पाणी दिले. त्यांनी घेतले नाही. मग त्यांनी सांगितले ते असे. नकाशा त्यांनी बिनचूक काढला होता. भिंती, दारे, दिवे, नळ, सगळे जिथल्या तिथे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो पाहिला, छान म्हटले, आणि मग विचारले, "आता यातले फक्त दिवे बंद करून दाखवा." कॅडमध्ये भिंती एका थरावर, दारे दुसऱ्या थरावर, दिवे तिसऱ्या थरावर काढायचे असतात. त्या थरांना लेयर म्हणतात. हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा. सरांनी सगळे एकाच लेयरवर काढले होते. ते दिवे बंद करायला गेले आणि सगळे घरच पडद्यावरून नाहीसे झाले.

"पोरां हसली," सर म्हणाले. "हसू देत. पण माका कळला, ह्या आपल्याक जमाचा नाय."

त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि पिशवीत घालून दाराशी ठेवला. पुढच्या रविवारी विनिता आली, तेव्हा ते दारातच म्हणाले, "विनिता, तू आता रविवार फुकट घालवू नकोस. हे घे तुझं. वर्ष संपण्याआधी दुसरी परीक्षा आहे, ती मी देणार नाही. माधुरी मॅडमना तसं उद्या सांगतो."

"आणि मग काय करणार?"

"गावाक जाईन. माझ्यासारख्यांचा काळ गेला."

विनिताने पिशवी घेतली नाही. ती आत आली आणि ओढणी खोचून उभी राहिली. कोळीवाड्यातली पोरगी, ती काय ऐकते!

"सर, राजेश मला हसला होता ना सगळ्यांसमोर, तेव्हा मी पण ठरवलं होतं, उद्यापासून यायचं नाही. तुम्ही मला समजावायला आलात का? नाही. तुम्ही नुसते स्टूल घेऊन शेजारी येऊन बसलात. मी पण बसणार. तुम्ही शिका, नाहीतर नका शिकू. मी रविवारी इथे बसणार."

सुलक्षणाबाई आतून म्हणाल्या, "बस गो बाय. मी चाय टाकतंय."

सर खिडकीबाहेर पाहत होते. विनिताची नजर माझ्यावर पडली. लॅपटॉप नसल्यामुळे मी मोकळा होतो. ती एकदम उठली.

"सर, घरात ट्रेसिंग पेपर आहे?"

ट्रेसिंग पेपर म्हणजे आरपार दिसणारा कागद. सरांकडे नसेल तर कोणाकडे असणार! त्यांनी न विचारता कपाटावरची गुंडाळी काढून दिली. विनिताने एक कागद माझ्यावर ताणून टाचला आणि त्यावर पेन्सिलने चार भिंती काढल्या. त्यावर दुसरा कागद टाचला आणि फक्त दारे काढली. त्यावर तिसरा, त्याच्यावर फक्त दिवे. वरून पाहिले तर तिन्ही मिळून एकच घर दिसत होते.

"आता मला फक्त दिवे नकोत," ती म्हणाली. "काय कराल?"

सरांनी हात पुढे केला आणि वरचा कागद उचलला. दिवे गेले. खाली भिंती आणि दारे जागच्या जागी होती.

"हाच लेयर, सर. बाकी काही नाही."

सर तो कागद हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. लहान मूल दिव्याचे बटण दाबून बघते ना, तसे.

"अगं, हे तर आम्ही दादरच्या ऑफिसात रोज करायचो!" त्यांचा आवाज चढला. "प्लंबरला वेगळा कागद, वायरमनला वेगळा. खाली भिंतींचा कागद तोच! अगं, मग आधी नाही सांगायचं? लेयर, लेयर काय करत होतीस?"

"चुकलं माझं, सर," विनिता हसत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

चहा तसाच निवत राहिला. सरांनी दाराशी ठेवलेली पिशवी स्वतः उचलून आणली. त्या दिवसापासून लॅपटॉपवर काही काढण्याआधी ते माझ्यावर ट्रेसिंग पेपरचे थर लावत, कोणत्या थरावर काय ते ठरवत आणि मग माउस हातात घेत. किती दिवसांनी माझ्या अंगात पुन्हा टाचण्या रुतल्या! दुखले नाही, मित्रांनो. उलट बरे वाटले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सर संध्याकाळी परत आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मग मशीनपाशी येऊन माझ्यावर तळहात ठेवून उभे राहिले. सुलक्षणाबाईंना धीर धरवेना. "काय झाला तां सांगशात?"

"लाइटी बंद केलंय," सर म्हणाले. "परत चालू केलंय. मगे नळ बंद केलंय. घर जाग्यार."

सुलक्षणाबाईंनी कपाळाला हात लावला. "इतक्या मोठ्या परीक्षेक तुमी लाइटी बंद करूक गेल्लास?" आणि मग त्यांना कळले. त्या देवापुढे साखर ठेवायला आत वळल्या आणि डोळ्यांना पदर लावूनच परतल्या.

नेमणूक पुढे चालू राहिली. माधुरी मॅडमनी एक गोष्ट आणखी केली. कॉम्प्युटरवर थेट सुरुवात करणाऱ्या पोरांना सेक्शन कळत नाही, हे विनिताने त्यांना दाखवून दिले होते. म्हणून पहिले काही आठवडे लवू सरांनी हाताने शिकवायचे आणि नंतर त्यांनी व विनिताने मिळून कॅड शिकवायचे, असे ठरले. मी पुन्हा रिक्षातून चेंबूरला आलो. आधी जिथे आमच्या रांगा होत्या, तिथे मी एकटाच फळ्याशेजारी उभा राहिलो. एकटाच का होईना, होतो. सर निवृत्त होईपर्यंत ते दोघे एका वर्गात शिकवत. कधी लेयरवरून, कधी अक्षरांच्या उंचीवरून दोघांचे भांडण होई आणि पोरांना फुकट करमणूक मिळे.

आता लवू सर आणि सुलक्षणाबाई गावी असतात. सर तिथल्या लोकांना घरांचे नकाशे काढून देतात, लॅपटॉपवर. अडले की विनिताला फोन लावतात. परवाच तिने वर्ग चालू असताना फोन घेतला आणि हसत म्हणाली, "सर, आधी कुठला लेयर चालू आहे ते बघा." मग पलीकडून काहीतरी आरडाओरडा ऐकू आला आणि ती आणखी हसली. मला त्यांची फार आठवण येते. संध्याकाळी पडदे ओढून कॉम्प्युटर बंद होतात, तेव्हा कोणीतरी माझ्यावरून सहज हात फिरवावा असे वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगितले तर ते माझ्या स्वार्थाचे होईल. मी लाकूड आहे. कधीतरी वाळवी लागेल, कधीतरी माझाही टेम्पो येईल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात आजोबा असतील, काकू असेल, नाहीतर तुमचे वडीलच असतील. ते नवा फोन हातात धरून तुम्हाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतील. तेव्हा "द्या इकडे, मी करतो" असे म्हणू नका. त्या एका वाक्याने मोठी माणसे फार लहान होतात. विनिताने त्या सगळ्या रविवारांत सरांच्या हातातून एकदाही माउस काढून घेतला नाही. ती थांबली. सरांना चुकू दिले आणि पुन्हा करू दिले. तुम्हीही थांबा. त्यांना जमेल. आणि जमेल तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. तसा एक चेहरा मी अगदी जवळून पाहिला आहे. मला विचाराल, तर तो पाहण्यासाठी लाकडाचा जन्म घ्यावा लागला, तरी चालेल.